सहावं कापड

नकटीचं सरकारी नाव ‘त्वचागंध विश्लेषक’ असं होतं, पण ते उच्चारून होईपर्यंत मांडीवरचं बाळ रडायला लागायचं, म्हणून कुणी त्या वाटेला जात नसे. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, चपटं तोंड, नाकाच्या जागी एक बारीक फट. आणि काम मात्र सगळं नाकाचं. करंजपूर नगरपालिकेच्या आरोग्य विभागात ती आली त्या दिवशी थोरल्या निकम सिस्टरांनी तिला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर नकटी." झालं, बारसं उरकलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात म्हणे, हिच्या बारशाला एकही आलं नाही.

ईश्वरी ढवळेला नकटी पाहताक्षणी आवडली. ईश्वरी चोवीस वर्षांची, विभागातली सगळ्यांत धाकटी सिस्टर. कासारआळी आणि तिच्या मागचा नदीकाठ हा तिचा भाग. सकाळी पाठीवर पिशवी टाकायची, बॅटरीच्या सायकलवर बसायचं आणि घरोघर जायचं. कुठे बाळंतीण, कुठे लस, कुठे आजोबांचं ब्लडप्रेशर, कुठे क्षयाच्या गोळ्या पेशंट स्वतः गिळतोय की कुंडीला घालतोय त्याची चौकशी. मत मागायला आलेल्या माणसाला ओट्यावरून परत पाठवणारी घरं सिस्टरला थेट स्वयंपाकघरात नेत. हे तिला इतकं भारी वाटायचं की रविवारी घरी करमत नसे.

आता नकटी काय करायची ते. आपल्या कातडीतून सतत थोडं थोडं तेल पाझरत असतं. कपाळावर, मानेवर, पाठीवर जरा जास्तच. त्या तेलात शेकडो तऱ्हेचे रेणू असतात आणि त्यांतले हलके रेणू हवेत उडतात. तोच आपल्या अंगाचा वास. शरीरात आत कुठे बिघडायला लागलं की या तेलाची कृती बदलते, म्हणजे भाजी तीच पण एक मसाला वाढला आणि एक टाकायचा राहिला, असं. माणसाच्या नाकाला हा फरक सहसा कळत नाही. कुत्र्याला कळतो. म्हणून शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या नाकात वास पकडणारी जी प्रथिनं असतात, तशीच यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतली आणि नखाएवढ्या चकतीवर ओळीनं बसवली. फटीतून हवा आत गेली की कुठल्या प्रथिनाला कुठला रेणू चिकटला त्याची एक नक्षी उमटते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. नकटी ती नक्षी तिच्या पोटातल्या हजारो नक्ष्यांशी ताडून बघते.

नवजात बाळांसाठी तर ही देणगीच होती. काही बाळांना जन्मतः दुधातली प्रथिनं पचवता येत नाहीत. आईचं दूधच त्यांच्या अंगात विषासारखं साठत जातं आणि बाहेरून कळेपर्यंत मेंदूला इजा झालेली असते. अशा बाळांच्या अंगाला जळक्या साखरेसारखा, नाहीतर ओल्या भिंतीसारखा वास येतो, पण इतका पुसट की आईलाही कळू नये. नकटीला कळायचा.

मोठ्या माणसांसाठी तिच्यावर वेगळं बटण होतं, आणि त्या बटणाला वेगळा नियम. मधुमेह, कंपवात, दोन-तीन तऱ्हेचे कर्करोग, यांचा वास आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी येतो. म्हणजे ठणठणीत माणसाच्या घरी जाऊन त्याला सांगायचं की बाबा रे, तुला पुढे अमुक होणार आहे. म्हणून आधी विचारायचं. ‘तुमच्या अंगाच्या वासावरून पुढे होऊ शकणारे काही आजार आजच कळू शकतात. तुम्हाला जाणून घ्यायचं आहे का? नको म्हणालात तरी तुमची बाकी सेवा तशीच चालू राहील.’ हो म्हटलं तरच हुंगायचं. आणि स्वतःच्या घरी स्वतः जायचं नाही, दुसरीनं जायचं.

ईश्वरी हे वाक्य पाढ्यासारखं म्हणून टाकायची. लोकही "सांगा की, सिस्टर" म्हणून मान पुढे करायचे. अख्ख्या कासारआळीत एकाच घरानं नको म्हटलं होतं. ते घर ईश्वरीचं.

"उद्याचं आज कळून काय करू?" तिची आई, अलका, निकम सिस्टरांना म्हणाली होती. "आणि घरात येऊन कुणी माणसं हुंगत फिरावं, हे काही बरं दिसत नाही. चहा घ्या."

निकम सिस्टरांनी चहा घेतला. विभागात मात्र पुढचे कित्येक दिवस ईश्वरीच्या नाकावरून विनोद झाले.

•

पवारांच्या तन्वीला मुलगी झाली. याआधी दोनदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला तिच्या सासूनं, राणीकाकूंनी, कसली म्हणून कसर ठेवली नव्हती. बाळ व्हायच्या आधी घरात टोपडंसुद्धा येऊ दिलं नाही. बाळ झालं आणि त्या पदर पसरून पाच घरी गेल्या. प्रत्येक घरून एकेक जुनं, वापरून मऊ झालेलं कापड मागून आणलं. मागून आणलेल्या कापडातलं लेकरू टिकतं, नजर त्याला ओळखत नाही, अशी त्यांच्याकडची समजूत. त्या पाच कापडांची इवलीशी गोधडी अलकानं शिवून दिली आणि पाचवीच्या पूजेला बाळ तिच्यात गुंडाळलं गेलं.

गावातल्या बाळांच्या गोधड्या अलकाच शिवायची. ईश्वरीचे वडील गेले तेव्हापासून दोघींचं घर त्या सुईवर उभं होतं. गोधडी पुरी होत आली की अलका तिच्या एका कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवून तो कोपरा शिवून टाकायची. गोधडी उपाशी पाठवू नये म्हणे. अलीकडे तर तिचं नाव फारच झालं होतं. "काय बारीक टाका हो तुमचा, दिवसेंदिवस मोहरीसारखा होत चाललाय," बायका म्हणायच्या, आणि ईश्वरी ते विभागात येऊन दोन-दोनदा सांगायची.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी ईश्वरी पवारांकडे गेली. पहिल्या भेटीत बाळ हिरवं आलं होतं, म्हणजे नकटीचा हिरवा दिवा लागला होता, त्यामुळे ती निवांत होती. तिनं बाळाच्या मानेच्या घडीतून कापसाचा बोळा फिरवला आणि नकटीच्या फटीपाशी धरला.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" राणीकाकू डिंकाचा लाडू पुढे करत म्हणाल्या. "आमच्या चिमणीला साजूक तुपाचा वास येतो, मी सांगते."

दिवा पिवळा झाला. मग नारिंगी. आणि नकटी तिच्या गोड, सरकारी आवाजात म्हणाली, "अनोळखी वास. स्तनपान थांबवा. बाळाला जिल्हा रुग्णालयात हलवा. गाडी निघाली आहे."

लाडू राणीकाकूंच्या हातात तसाच राहिला.

"थांबवा म्हणजे?" तन्वी म्हणाली. "मी पाजायचं नाही?"

"दूध बाधत असेल अशी शंका आहे. शंकाच फक्त. तिथं तपासतील."

"माझं दूध?"

तन्वीनं बाळ छातीशी धरलं होतं आणि आता ते कसं धरायचं हेच तिला कळेनासं झालं होतं. राणीकाकू भिंतीला टेकून खाली बसल्या. "तिसऱ्यांदा पण का," एवढंच त्या म्हणाल्या, तेही कुणाला उद्देशून नाही.

नियम सरळ होता. नकटी सांगेल ते ऐकायचं, गाडीत बसवायचं. नियमामागं कारणही होतं, उशीर झालेली बाळं निकम सिस्टरांनी पाहिलेली होती. पण ईश्वरीच्या डोक्यात एक गोष्ट खुपत होती. दुधाच्या आजारांचे सगळे वास नकटीला पाठ आहेत. तसला एखादा असता तर तिनं नाव घेतलं असतं. ‘अनोळखी’ म्हणजे बाळांच्या यादीत नसलेला. आणि पहिल्या भेटीत तर काहीच नव्हतं.

"काकू, मी मागं येऊन गेल्यापासून घरात नवीन काय आलं?"

"नवीन? अगं, नवीन काही आणायचंच नाही असं ठरवलंय ना. सगळं जुनंच."

"बरं, जुनं काय आलं?"

राणीकाकूंनी बाळाकडे पाहिलं. "ही गोधडी आली की. तुझ्या आईनंच दिली."

ईश्वरीनं गोधडी उचलून कोपऱ्यातला भाकरीचा टणक तुकडा चाचपला. आंबला तर नसेल? तसं असेल तर आईला जन्मभर चिडवायला विषय मिळाला. "काकू, पाणी तापवा. बाळाला परत न्हाऊ घालायचंय. मसुराचं पीठ घ्या, मानेच्या घड्या नीट धुवा आणि नंतर अंगावर तुमच्या घरातलं काहीही नको. हे माझ्या पिशवीतलं कापड."

बाळानं सगळी आळी डोक्यावर घेतली. न्हाऊन, पुसून, सरकारी पांढऱ्या कापडात गुंडाळून झाल्यावर ईश्वरीनं नवा बोळा फिरवला. हिरवा. कपाळावरून घेतला, हिरवा. काखेतून घेतला, तोही हिरवा. मग तिनं विभागात फोन लावला.

निकम सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "गाडी येऊ दे. रक्ताचा थेंब तिच्याबरोबर जिल्ह्याला जाईल. डॉक्टरांशी मी बोलते, तू बाळापासून हलू नकोस." थोड्या वेळानं त्यांचा परत फोन आला. "डॉक्टर म्हणतात, बाळ हिरवं आहे तर पाजू दे. निकाल येईपर्यंत तिथंच बस. लाडू दिला तर खा."

तन्वीनं बाळ पदराखाली घेतलं. बाळ चुरुचुरु ओढायला लागलं तसे तिचे खांदे सैल पडले, आणि त्यानंतर ती जी रडली, राणीकाकूंनी तिला पोटभर रडू दिलं. संध्याकाळी रक्ताचा निकाल आला. बाळात काही म्हणजे काही दोष नव्हता.

"मग वास कसला होता?" तन्वीनं विचारलं.

"कापडाचा. कुणाच्या तरी अंगाचा, जुना," ईश्वरी म्हणाली. "गोधडी नेते, धुऊन आणून देते."

•

"गरम पाणी, सोडा, कडक ऊन, आणि देऊन ये," दुसऱ्या दिवशी निकम सिस्टर म्हणाल्या. "कापडाला नाव विचारायचं नाही." आणि त्या मीटिंगला गेल्या.

आता खरं तर विषय संपला होता. पण ईश्वरीला कालपासून पंख फुटले होते. तिनं नकटीला खोटं पाडलं होतं, एक बाळ आईजवळ ठेवलं होतं, आणि डॉक्टरांनी फोनवर ‘शाब्बास’ म्हटलं होतं. अशा माणसाला कोडं अर्धं सोडवत नाही. शिवाय बाळाच्या बटणावर जो वास अनोळखी, तो मोठ्यांच्या बटणावर ओळखीचा असणार, हे तिला रात्रीच सुचलं होतं. नियम माणसांना हुंगायचा आहे, तिनं स्वतःला सांगितलं. कापड काही माणूस नव्हे.

तिनं मोठ्यांचं बटण दाबलं.

जोशी मास्तरांच्या धोतराचा तुकडा: गप्प. शेख चाचींची ओढणी: गप्प. पाटलीणबाईंचं पातळ, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याचा सदरा, राणीकाकूंच्या जावेचा परकर, सगळे गप्प. भाकरीच्या तुकड्याला नकटीनं भाकरीएवढाच मान दिला. ईश्वरीनं कपाळाला आठी घातली. मग वास येतो कुठून? तिनं गोधडी पुन्हा चाचपली, आणि तिच्या लक्षात आलं की पाच झिरझिरीत तुकड्यांची गोधडी इतकी जाड होणारच नाही. आत काहीतरी अस्तर आहे. एरवी आई बाजारातून कापड आणून घालते. पण हे बाळ मागून आणलेल्या जुन्याचं, त्याला बाजारातलं चालणार नाही.

तिनं ब्लेडनं एक बाजू उसवली. टाके इतके बारीक की उसवता उसवेनात.

आत हिरवं सुती पातळ होतं, मोरपंखी काठाचं. ईश्वरीच्या दहावीच्या निकालाला आई हे नेसली होती. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा हेच. पहिल्या पगाराला हेच. घरात काही चांगलं घडलं की आई ते नेसायची, थंड पाण्यात हातानं धुवायची आणि घडी करून ठेवायची. कातडीचं तेल सुती धाग्यात मुरलं की थंड पाण्याला दाद देत नाही, हे ईश्वरीनं ट्रेनिंगमध्ये चांगल्या अक्षरात लिहून घेतलं होतं. थंड गोधडीत आतच राहणारा तो वास बाळाच्या उबेनं झिरझिरीत कापडांतून वर आला असणार.

ब्लेड ठेवून बटण बंद करण्याइतका वेळ तिच्याकडे होता. पण बोळा घेतलेला हात सवयीनं पुढे गेला.

"कंपवात," नकटी म्हणाली. "पूर्वखुणा. खात्री: दाट."

•

कंपवातात मेंदूतल्या काही ठरावीक चेतापेशी हळूहळू मरतात. हालचाल सुरळीत ठेवणारं एक रसायन त्या बनवत असतात. हात थरथरायला लागतो तेव्हा निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. पण त्याच्या कितीतरी आधी कातडीचं तेल बदलतं, माणसाला वास यायचा कमी होतो, अक्षर लहान लहान होत जातं. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध अजून निघालेलं नव्हतं. उरलेल्या सांभाळणारं निघालं होतं. लवकर सुरू केलं, रोज ठरलेला व्यायाम केला, तर माणूस पुष्कळ वर्षं आपल्या हातानं जेवतो, आपल्या हातानं शिवतो. सगळा खेळ त्या ‘लवकर’वर.

ईश्वरी सायकल ढकलत घरी आली. दूध लागल्याचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. आत आई शेगडीपासून हातभर अंतरावर बसून सुईत दोरा ओवत होती, आणि पातेल्यातून धूर निघत होता.

ईश्वरीनं पातेलं उतरवलं, खिडकी उघडली.

"लागलं का?" आई म्हणाली. "बोलता बोलता लक्षच गेलं नाही."

कुणाशी बोलता बोलता, घरात तर कुणी नव्हतं. एरवी ईश्वरीनं हे बोलून दाखवलं असतं आणि त्यावर दोघींची जेवणापर्यंत पुरेल एवढी जुंपली असती. आज तिनं गपचूप पातेलं घासायला घेतलं.

जेवणं झाल्यावर आई हातातल्या शिवणासकट चटईवर कलंडली आणि तिला झोप लागली. ईश्वरीनं फडताळातून स्वतःची लहानपणची गोधडी काढली आणि आईच्या हातातल्या नव्या गोधडीशेजारी ठेवली. जुन्यावरचे टाके तांदळाएवढे, मोकळे, रांगेत चाललेल्या मुलांसारखे. नव्यावरचे मोहरीएवढे, एकमेकांना खेटून. आईचं अक्षर लहान होत चाललं होतं. आई कागदावर लिहीत नव्हती म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. दिसलं होतं, आणि सगळ्यांनी कौतुक केलं होतं. सगळ्यांत जास्त ईश्वरीनं.

पिशवीत नकटी होती. आईची मान उघडी होती. एक बोळा फिरवला असता तर कापडावरचं कळलं ते खरं की खोटं, एवढं तरी ठरलं असतं. ईश्वरीनं डबी हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली आणि परत पिशवीत ठेवून चेन लावली.

•

"माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं करणारी तू काही पहिली नाहीस," निकम सिस्टर म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "नाही, पहिलीच आहेस."

ईश्वरी त्यांच्या टेबलासमोर मान खाली घालून उभी होती. सगळं सांगून झालं होतं, बटणासकट.

"चूक कळली?"

"हो."

"मग बस. मी उद्या तुझ्या घरी जाते. रीतसर विचारते, पहिल्यांदाच विचारतेय असं. कापडाचं नाव काढणार नाही. ती हो म्हणाली तर हुंगेन, आणि सांगेन." त्यांनी चष्मा काढला. "आणि नको म्हणाली तर?"

"सिस्टर, औषध आत्ता चालू केलं तर कितीतरी वर्षं—"

"मी काय विचारलं?"

ईश्वरीनं टेबलाच्या कडेकडे पाहिलं. "तर मी काही बोलायचं नाही."

"किती दिवस?"

"ती विचारेपर्यंत."

"आणि तिनं विचारलंच नाही तर?"

मागच्या खेपेला आई नको म्हणाली होती. उद्याही म्हणेल. आणि मग रोज सकाळी चहा घेताना त्या हाताकडे बघायचं, आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. आजवर शेकडो लोकांसमोर ते वाक्य म्हटलं. ‘जाणून घ्यायचं आहे का’ या शब्दांना वजन असतं, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

•

सकाळी निकम सिस्टर आत गेल्या. ईश्वरी ओट्यावर बसली. दार उघडं होतं, त्यामुळे न ऐकता ऐकू येत होतं.

"बसा सिस्टर. चहा ठेवते."

"चहा नंतर. आधी एक विचारायचंय." आणि निकम सिस्टरांनी ते वाक्य म्हटलं. पाढ्यासारखं नाही, एकेक शब्द पाटावर मांडावा तसं. ‘नको म्हणालात तरी’ यावर तर त्या चांगल्या थांबल्या. "आणि खरंच नको असेल तर नको म्हणा, अलकाताई. मी चहा पिऊन जाईन. परत विषय काढणार नाही."

शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"ही बाहेर का बसलीय?" अलकानं विचारलं.

"स्वतःच्या घरचं काम करता येत नाही. नियम आहे."

"नियम माहितीय मला. गेल्या खेपेला बसली नव्हती. गावभर हिंडत होती." अलकाचा आवाज शांत होता. "परवा मी पातेलंभर दूध जाळलं. ही पोरगी भांडली नाही. कालचा अख्खा दिवस भांडली नाही. जेवताना भाजीला नावं ठेवली नाहीत. ही भांडली नाही की समजावं, हिच्या पोटात काहीतरी आहे."

निकम सिस्टरांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. 

"मला वास येत नाही, सिस्टर," अलका म्हणाली. "पुष्कळ दिवस झाले. हिंग, लसूण, मोगरा, सगळं सारखंच. फोडणी मी आवाजावर करते. तुम्ही मागच्या वेळी आलात ना, तेव्हा मला वाटलं, माझंच नाक मेलंय आणि हे यंत्र माझा वास घेणार. भीती वाटली. म्हणून बोलले तसं."

"भीती वाटली तर काय बिघडलं."

"आता विचारताय तर सांगा. पण आधी तिला आत बोलवा. एकदाच काय ते ऐकू, दोघी मिळून."

ईश्वरी आत आली तर आईनं आपल्या शेजारची चटई झटकून ठेवली होती. निकम सिस्टरांनी बोळा फिरवला. नकटी बोलायच्या आत त्यांनी तिचा आवाज बंद केला, पडद्यावरचं वाचलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं, सावकाश. काय आहे, काय नाही, पुढे काय काय करता येतं.

अलकानं सगळं ऐकलं. मग हात पुढे करून तळवा, मागची बाजू, असं पाहिलं, जणू बाजारातून आणलेली वस्तू. "म्हणजे हा मोहरीचा टाका माझ्या हुशारीचा नव्हता तर."

"आई," ईश्वरी म्हणाली.

"काय आई? तुला कसं कळलं ते सांग आधी."

ईश्वरीनं सांगितलं. हिरव्या पातळाचं सांगितलं, उसवल्याचं सांगितलं, बटणाचंही.

"माझं पातळ उसवलंस," अलका म्हणाली. "आणि न विचारता हुंगलंस."

"हो."

"मग आता दूध जाळल्याबद्दल मला बोलायचा तुला काही हक्क राहिला नाही. फिटंफाट." तिनं ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. मग म्हणाली, "ते दूध उतरवलंस तेव्हाच चार शब्द बोलली असतीस, तर मला एवढी काळजी लागली नसती."

•

व्यायामात चालताना हात मोठे हलवायचे होते, बोलताना आवाज मोठा काढायचा होता आणि अक्षर मोठं काढायचं होतं. मेंदू सगळं आखडतं घ्यायला लागतो, म्हणून आपण त्याला हट्टानं पसरायला लावायचं. "अक्षर कुठून आणू?" अलका जिल्ह्याच्या डॉक्टरांना म्हणाली. "मी टाके मोठे घालते."

बारशाच्या आधी ती स्वतः, ईश्वरीला घेऊन, पवारांकडे गेली. ईश्वरीनं सगळं धुऊन आणलेलं होतं, गोधडीची एक बाजू अजून उसवलेलीच होती. "यात सहावं कापड माझं आहे," अलकानं तन्वीला सांगितलं. "मला जे होतंय त्याचा वास त्या यंत्राला खटकला. तो वास कुणाला बाधत नाही. धुतलाय, पण थोडा राहील म्हणतात. काढून टाकायचं असेल तर मोकळेपणानं सांग, हे पातळ काढते आणि दुसरं घालते."

तन्वी सासूकडे बघायला लागली. राणीकाकूंनी गोधडी हातात घेतली. "पाच घरी मागायला गेले," त्या म्हणाल्या. "हे न मागता आलं. ते कसं काढायचं?"

म्हणून अलकानं तिथंच बसून गोधडी पुन्हा शिवली. ईश्वरी समोर बसून होती. टाका बारीक व्हायला लागला की ती नुसती खाकरायची आणि आई पुढचा टाका लांब घ्यायची. कोपऱ्यात भाकरीचा नवा तुकडा गेला. पांढऱ्या दोऱ्याचे तांदळाएवढे, कुठे कुठे चवळीएवढे टाके पाचही कापडांवरून वाकडेतिकडे चालत गेले, आणि खालून हिरवा काठ बोटभर बाहेर राहिला.

बारशाला बायका जमल्या. कुणीतरी गोधडी उचलून डोळ्यांजवळ नेली. "अलकाताई, या खेपेला टाके मोठे झालेत हो."

"मुद्दाम घातलेत," अलका खणखणीत आवाजात म्हणाली. आवाज मोठा काढायचा व्यायाम तिला फार मानवला होता. "डोळ्यांजवळ कशाला नेतेस, पाळण्यापासूनच बघ. दिसतात की नाही?"

पाळणा म्हणायच्या आधी निकम सिस्टरांनी ईश्वरीला खूण केली. अलकाच्या परवानगीनं, तिची सही घेऊन, त्यांनी नकटीला बाळांच्या बटणावर अलकाची ती एक नक्षी नव्यानं शिकवली होती. अजून बाळावर तपासून बघायचं राहिलं होतं. ईश्वरी पाळण्याशी वाकली. चिमणी गोधडीत झोपली होती, हिरवा काठ तिच्या गालाला लागला होता. ईश्वरीनं मानेच्या घडीतून बोळा फिरवला आणि फटीपाशी धरला. राणीकाकूंनी तन्वीचा हात धरला.

नकटीनं जरा वेळ घेतला. पिवळी झाली. मग हिरवी.

"ओळखीचा वास," ती म्हणाली. "बाळ ठीक आहे."

"मग पाजून घे तिला आधी," अलका तन्वीला म्हणाली. "नाव ठेवायला ती कुठे पळून जात नाही."